शिक्षकांची मासिक चर्चा: आधी वही, मग परिपत्रक, मग मन

केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद असो की शेजारच्या तीन-चार शाळांनी आपापसात ठरवलेली बैठक, फसण्याची तऱ्हा एकच असते. कोणी वर्गातली अडचण काढतं. दुसरा म्हणतो, ‘पण शिकवायला वेळ देतात कुठे?’ तिसऱ्याला कालचं परिपत्रक आठवतं, चौथा पोषण आहाराच्या ऑनलाइन नोंदीवर घसरतो, आणि दोन तासांनी सगळे एसटी गाठायला उठतात. वहीतल्या अडचणीचं काय झालं, हे कोणाच्याच लक्षात राहत नाही.

पाटण खोऱ्यातल्या दोन-शिक्षकी शाळेत आणि नंतर कराड तालुक्यात अशा बैठका मी बऱ्याच बसून काढल्या आणि काही स्वतः बिघडवल्या. वर्गातलं काम, वरून आलेले आदेश आणि शिक्षकाच्या जिवावरचा ताण हे तिन्ही विषय खरेच आहेत, पण ते एका पातेल्यात शिजत नाहीत. प्रत्येकाला वेगळी वेळ आणि वेगळी पद्धत लागते. क्रमही ठरलेला हवा, कारण तक्रार आधी सुरू झाली की वही उघडतच नाही. खाली सगळं त्याच क्रमाने दिलं आहे. एकूण सव्वादोन तास धरा.

तयारी: आठ दिवस आधी

१. माणसं मोजा. आठ ते बारा. केंद्रात पस्तीस-चाळीस शिक्षक असतील तर तीन खोल्यांत तीन गट करा. चाळीस जणांत बोलणारे पाचच असतात आणि ते दर महिन्याला तेच असतात.

२. वेळ जागेला बघून ठरवा. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर लगेच बसणं बरं. मधे घरी जाऊन परत या म्हटलं की निम्मे येत नाहीत. नोव्हेंबरपासून कराड-वाळवा पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते भरलेले असतात, तेव्हा दुपारी उशिराची वेळ ठेवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या डोंगरातल्या शाळांना केंद्रशाळेपर्यंत ओढू नका. त्या दोन महिन्यांत जवळच्या तीन शाळांनी मिळून बसलेलं चालतं.

पोहे-चहा सुरुवातीला द्या. सकाळी सातला घर सोडलेला माणूस उपाशीपोटी चर्चा करत नाही, चिडतो. शेवटी ठेवलेल्या चहाकडे शेवटची वीस मिनिटं सगळ्यांचे डोळे लागलेले असतात, ते वेगळंच.

३. सूत्रधार नेमा. केंद्रप्रमुख किंवा मुख्याध्यापक सूत्रधार नकोत. साध्या शिक्षकाने ही जबाबदारी घ्यावी, आणि दर महिन्याला बदलून. मात्र केंद्रप्रमुखांना आठ दिवस आधी प्रत्यक्ष भेटून सांगा. मी असं बोलतो: ‘सर, तुम्ही असावंच. फक्त वहीच्या चर्चेत शेवटी बोला. तुम्ही आधी बोललात की बाकीचे मान हलवून गप्प बसतात.’ बहुतेक जण हसून मान्य करतात. न सांगता बैठकीतच त्यांना थांबवलं, तर पुढची बैठक होणार नाही.

४. चिठ्ठ्या मागवा. प्रत्येकाने दोन ओळींची एक चिठ्ठी द्यायची: या महिन्यात वर्गात कुठे अडलं, किंवा कोणत्या आदेशाने अडलं. नाव नको. चिठ्ठ्या कागदावरच हव्यात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नकोत. ग्रुपवर पहिल्याने जे टाकलं त्याचीच री बाकीचे ओढतात.

चिठ्ठ्यांचे तीन ढीग करा: वही, परिपत्रक, मन. वहीच्या ढिगातून एकच प्रश्न निवडा. ‘गणितात मुलं कच्ची आहेत’ ही चिठ्ठी बाजूला ठेवा. ‘तिसरीच्या चार मुलांना शून्य असलेली वजाबाकी येत नाही’ ही घ्या.

> तपासा: निवडलेला प्रश्न एका मुलाच्या एका वहीतल्या एका पानावर दाखवता येतो का? येत नसेल तर तो अजून फार मोठा आहे.

पहिला टप्पा: बसणं आणि करार (१० मिनिटं)

गोल बसा. बाकं ओळीत असतील तर सरळ सतरंजी अंथरा. भाषण, स्वागत, गुलाबपुष्प काही नको. सूत्रधाराने तीन गोष्टी मोठ्याने सांगायच्या: मुलाचं नाव घ्यायचं नाही, इथे कोण काय बोललं ते बाहेर न्यायचं नाही, फोन पिशवीत.

चौथी गोष्ट सांगायला लोक विसरतात. गुप्ततेला एक अपवाद आहे. बोलण्यातून एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती पुढे आली, तर ती गोलात ठेवून चालत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. हे आधीच सांगितलेलं असलं की ऐनवेळी ‘आपण तर बाहेर बोलायचं नाही म्हणालो होतो’ असा घोळ होत नाही.

दुसरा टप्पा: वही (५० मिनिटं)

बैठकीचा जीव इथे आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ.

अडचण मांडणाऱ्या शिक्षकाने दोन-तीन वह्यांच्या त्या पानांच्या झेरॉक्स आणायच्या, नाव झाकून. आमच्या एका बैठकीत तिसरीच्या बाईंनी ५०३ वजा १७८ हे एकच उदाहरण आणलं होतं. एका मुलाचं उत्तर ४७५. दुसऱ्याचं २३५. बरोबर उत्तर ३२५.

अ) मांडणी, ३ मिनिटं. वर्ग कोणता, किती मुलं, काय शिकवून झालं, आणि प्रश्न काय. घरची परिस्थिती सांगायची नाही. ‘वडील पितात’ म्हटलं की चर्चा वडिलांवर जाते आणि वजाबाकी राहते.

ब) गप्प बघणं, ५ मिनिटं. कोणी बोलायचं नाही, फक्त पान बघायचं. ही पाच मिनिटं शिक्षकांना सगळ्यात जड जातात. तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी ‘पाढे पाठ नसतात हो’ म्हणतंच. सूत्रधाराने घड्याळाकडे बोट दाखवायचं, बास.

क) फक्त माहितीचे प्रश्न, ७ मिनिटं. ‘हे तोंडी विचारलं होतं का?’ ‘शून्य नसलेली वजाबाकी याला येते का?’ असे प्रश्न चालतात. ‘तुम्ही नोटा वापरून का नाही शिकवलं?’ हा प्रश्नाच्या वेशातला सल्ला आहे, तो थांबवा.

ड) मांडणारा बाहेर, बाकीचे बोलतात, २० मिनिटं. मांडणाऱ्या शिक्षकाने खुर्ची दोन हात मागे घ्यायची, लिहून घ्यायचं, उत्तर द्यायचं नाही. हे विचित्र वाटतं, पण त्याशिवाय तो स्वतःचा बचाव करत राहतो आणि बाकीचे वकिली करतात.

त्या दिवशी इथे काय झालं ते सांगतो. आधी दोघेही ‘वजाबाकीत कच्चे’ या एकाच खात्यात होते. मग आकड्यांवर बोट ठेवून मोजणी सुरू झाली. ४७५ वाला प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढतोय: ८ मधून ३ गेले ५, ७ मधून ० गेलं ७, ५ मधून १ गेला ४. त्याला उसनं घेणं माहीतच नाही. २३५ वाल्याला मात्र उसनं घेणं पक्कं माहीत आहे. एककासाठी तो थेट शतकाकडे गेला, मधलं शून्य ओलांडून. मग दशकासाठी पुन्हा शतकाकडेच गेला. पाचाचे तीन झाले, तिनातून एक गेला, दोन उरले. म्हणजे या मुलाला सगळं येतं, फक्त शतक सुटं करून आधी दशकाच्या घरात ठेवायचं असतं ही एक पायरी राहिली आहे.

दोघांना एकच उपाय दिला असता तर एकाला कंटाळा आला असता आणि दुसऱ्याच्या डोक्यावरून गेलं असतं. पहिल्याला शून्यापासून लांब ठेवून ५२ वजा २७ वर न्यायचं ठरलं. दुसऱ्यापुढे खेळण्यातल्या शंभराच्या पाच नोटा आणि रुपयाची तीन नाणी ठेवायची आणि दुकानदाराला १७८ रुपये सुटे द्यायला लावायचे. शंभराची नोट मोडल्यावर हातात दहाच्या दहा नोटा येतात आणि त्यातली एक पुन्हा मोडावी लागते, हे त्याच्या हातालाच कळतं.

इ) मांडणारा परत आत, १० मिनिटं. तो एकच वाक्य बोलतो: सोमवारी मी काय करणार. ‘प्रयत्न करीन’ चालत नाही. कोणत्या तासाला, कोणत्या मुलाबरोबर, काय घेऊन, ते सांगायचं. केंद्रप्रमुख असतील तर ते यानंतर बोलतात. उरलेला वेळ त्यांचा.

> नेहमीच्या चुका
> ‘माझ्या वर्गात असं होत नाही.’ हे वाक्य आलं की मांडणारा पुढच्या वेळी कोरी वही आणतो. सूत्रधाराने लगेच विचारावं: ‘तुमच्याकडे हेच उदाहरण कोणी कसं सोडवलं, त्याचं पान आहे का?’
> भाषेचा घोळ. जतच्या बाजूला घरी कन्नड बोलणारी मुलं मराठी शाळेत असतात, आणि कराड-वाळव्यात हंगामात ऊसतोड कामगारांची मुलं मधेच वर्गात येऊन बसतात. शाब्दिक उदाहरण चुकलं तर गणित चुकलं की वाचन, हे आधी वेगळं काढा. उदाहरण वाचून दाखवा आणि मग सोडवायला सांगा. तेवढ्याने उत्तर बरोबर आलं तर अडचण गणिताची नव्हतीच.
> आदर्श पाठ. चर्चेऐवजी कोणीतरी ‘दिग्दर्शन’ करतो, तक्ते लावतो, सगळे टाळ्या वाजवतात. त्यातून कोणाची वही सुधारलेली मी पाहिलेली नाही.

तिसरा टप्पा: परिपत्रक (३५ मिनिटं)

इथे नियम एक: कागद हातात नसेल तर त्या विषयावर बोलायचं नाही.

‘असं आलंय म्हणे’ यावर आमच्या तालुक्यात अख्ख्या दुपारी गेल्या आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफचं बऱ्याचदा फक्त दुसरं पान असतं, किंवा मागच्या वर्षीचं असतं. म्हणून आधी एवढं बघा: हा शासन निर्णय आहे, वरिष्ठ कार्यालयाचं परिपत्रक आहे की फोनवरची तोंडी सूचना? तारीख आणि क्रमांक आहे का? शासन निर्णय असेल तर त्यावर सांकेतांक असतो, तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून मूळ प्रत काढा. मग एकाने मोठ्याने वाचायचं. काम कोणी करायचं आणि कधीपर्यंत, या दोन जागा पेन्सिलने खुणवा. निम्मी भांडणं इथेच मिटतात, कारण ‘आजच पाठवा’ हे कागदात नसतं, ते मधल्या कोणीतरी जोडलेलं असतं.

उरलेल्या मुद्द्यांसाठी फळ्यावर तीन रकाने करा: शाळेत सुटेल, केंद्रात सुटेल, वर लिहावं लागेल. पहिल्या दोन रकान्यांतलं तिथेच वाटून टाका. दोन शाळांची ऑनलाइन माहिती एकाच नेटवर्क असलेल्या शाळेत बसून भरणं, असल्या गोष्टींना वरची परवानगी लागत नाही.

तिसऱ्या रकान्यासाठी पत्र लिहा, आणि बैठकीतच लिहा. पत्रात तथ्यं तीन, विनंती एक. नमुना असा:

‘दि. ४ ते दि. ९ या कालावधीत शाळेतील दोनपैकी एक शिक्षक अन्य कामासाठी शाळेबाहेर होते. त्या काळात पहिली ते चौथीचे चारही वर्ग एका शिक्षकाकडे होते. सहा दिवसांत तिसरी व चौथीचे गणिताचे तास स्वतंत्र होऊ शकले नाहीत. पुढील वेळी हे काम सुट्टीच्या दिवशी अथवा शाळा सुटल्यानंतर देण्यात यावे, ही विनंती.’

‘शिक्षकांची पिळवणूक’, ‘अन्याय’ हे शब्द नकोत. ते कितीही खरे वाटले तरी वाचणारा तिथेच पत्र बाजूला ठेवतो. पत्र मुख्याध्यापकांच्या सहीने, केंद्रप्रमुखांमार्फत, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. पोच घ्यायची.

शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडता आला तर पत्राचं वजन वाढतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. ‘आमच्या पोरांचे तास बुडतात’ हे शिक्षकाने म्हणणं आणि पालकांनी म्हणणं यात फरक पडतो.

> इशारा: कलम २७ सगळीकडे फेकू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातलं हे कलम शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामांना जुंपायला मनाई करतं, पण दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकांची कामं त्याच कलमात अपवाद म्हणून दिली आहेत. निवडणुकीच्या कामाला ‘कलम २७ प्रमाणे नकार’ लिहिणाऱ्याची फजिती होते. तिथे नकार देऊ नका, वेळ मागा.

याच टप्प्यासाठी एक गोष्ट महिनाभर आधी सुरू करायला सांगतो: तासांची वही. एक आठवडा प्रत्येकाने लिहायचं, शिकवण्यात किती वेळ, पाठाच्या तयारीत किती, नोंदी आणि माहिती भरण्यात किती. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास दिले आहेत आणि त्यात तयारीचे तास धरलेले आहेत. तुमच्या वहीत तयारीच्या रकान्यात शून्य येत असेल तर पत्रात तो आकडा टाका.

चौथा टप्पा: मन (२० मिनिटं)

हा टप्पा गोलात घेऊ नका. जोड्या करा आणि बाहेर पाठवा: मैदानाला फेरी, पारावर, विहिरीच्या कट्ट्यावर, कुठेही. एकाच शाळेतले दोघे एका जोडीत नकोत, मुख्याध्यापक आणि त्यांच्याच शाळेतला शिक्षक तर नकोतच. दहा मिनिटं एकाने बोलायचं, दहा मिनिटं दुसऱ्याने. प्रश्न एकच: या महिन्यात कशाने झोप गेली?

ऐकणाऱ्याने उपाय सांगायचा नाही. ‘हे काहीच नाही, माझ्याकडे तर’ असं म्हणायचं नाही. परत आल्यावर कोणालाही ‘काय बोललात’ असं विचारायचं नाही. आमच्याकडे एका गुरुजींनी पहिल्या वेळी दहाच्या दहा मिनिटं फक्त त्यांच्या दोन एसट्यांबद्दल सांगितलं: पहाटेची पहिली, मधल्या फाट्यावरचा पाऊण तास, आणि संध्याकाळी शेवटची चुकली तर काय. जोडीदार नुसता चालत राहिला. पुढच्या बैठकीला ते सगळ्यांच्या आधी हजर होते.

या वीस मिनिटांत प्राणायाम, प्रेरणादायी व्याख्यान आणि ‘सकारात्मक राहा’ यांना जागा नाही. कोणाला करायचं असेल तर घरी जरूर करावं.

> इशारा: जोडीदार दोन-दोन आठवडे झोप नसल्याचं, कशातच रस उरला नसल्याचं किंवा जगून काय करायचं असं बोलला, तर वीस मिनिटांत ते संपवू नका. एकटं घरी पाठवू नका. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तिथेच शेजारी बसून लावून द्या.
>
> एखाद्या शिक्षिकेने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल सांगितलं तर ती गोष्ट चर्चेची नाही. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या शाळेत अंतर्गत समिती नसते. तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. एवढी माहिती द्या, सोबत यायची तयारी दाखवा, आणि निर्णय तिचा तिला घेऊ द्या.

पाचवा टप्पा: इतिवृत्त (१० मिनिटं)

माझी सगळ्यात महागडी चूक इथली. सूत्रधार मीच होतो आणि अक्षर चांगलं म्हणून इतिवृत्तही मीच लिहिलं. नवीन आलेल्या एक बाई म्हणाल्या होत्या, चार वर्ग एकत्र घेताना पहिलीकडे लक्ष देणं जमत नाही. मी ते जसंच्या तसं, नावासकट, सुवाच्य अक्षरात लिहिलं. इतिवृत्त वर गेलं आणि पंधरा दिवसांनी बाईंना खुलासा मागणारं पत्र आलं. मी माफी मागितली, खुलासा लिहायला मदतही केली, पण त्या गटात त्या पुन्हा वर्गाबद्दल काही बोलल्या नाहीत. वर्षभर.

तेव्हापासून इतिवृत्तात एवढंच लिहितो: तारीख, उपस्थिती, निवडलेला शैक्षणिक प्रश्न (शाळेचं नाव न घेता), ठरलेली कृती, पाठवायच्या पत्रांचे विषय. चौथ्या टप्प्याबद्दल एकही शब्द नाही, ‘शिक्षकांच्या ताणतणावावर चर्चा झाली’ एवढाही नाही. चिठ्ठ्या त्याच दिवशी फाडायच्या. इतिवृत्त सर्वांसमोर मोठ्याने वाचून मगच सह्या.

> तपासा: हे इतिवृत्त उद्या कोणीही वाचलं तर कोणा एकाला उत्तर द्यावं लागेल का? लागणार असेल तर ती ओळ काढा.

पुढच्या महिन्याची पहिली दहा मिनिटं

नवी चिठ्ठी उघडायच्या आधी मागच्या वेळच्या शिक्षकाने तीच वही परत आणायची, त्याच मुलाची, नव्या तारखेचं पान. जमलं नसेल तर कारण विचारू नका, कुठे थांबलं ते विचारा. तिसरीच्या बाईंनी आणलेल्या पानावर २३५ वाल्याने ६०४ वजा २५९ बरोबर सोडवलं होतं, ३४५. शून्यावर त्याने काट मारून वर इवलासा नऊ लिहिला होता. ४७५ वाला अजून ५२ वजा २७ वरच होता, आणि त्या महिन्याची चर्चा मग त्याच्याच पानावर झाली.